पेडल हळूहळू खाली जाते तेव्हा

कोल्हापूरला नात्यातला वलीमा उरकून आम्ही रत्नागिरीच्या वाटेला लागलो होतो. गाडीत अम्मी, मुलांची आई, दोन्ही मुले आणि आग्रहाने दिलेले जेवणाचे डबे. मामूंची गाडी पुढे होती. मलकापूरच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर रांग होती आणि जमीन थोडी उताराची, म्हणून गाडी न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवून उभे होतो. तेवढ्यात पायाखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटले. पेडल खाली चालले होते. झटकन नव्हे. ओल्या वाळूत टाच रुतावी तसे, सावकाश. पाय उचलून पुन्हा दाबले तर पहिल्यासारखे वर आणि घट्ट. दहा-बारा सेकंद गेले आणि पुन्हा तेच. गाडी पुढच्या मोटारसायकलकडे वीतभर सरकली, तेव्हा घाबरून हँडब्रेक ओढला.

पुढे आंबा घाट होता.

मामू उतरून आले. स्वतः सीटवर बसून त्यांनी दोन-तीनदा जोरात पेडल दाबले आणि म्हणाले, "अरे, दगडासारखं घट्ट आहे! थोडी एअर असेल. ऑइल टाक आणि चल, मगरिबच्या आत घाट उतरू." बोनेट उघडले. ब्रेक ऑइलची टाकी खुणेपर्यंत भरलेली. डॅशबोर्डवर लाल दिवा नाही. चाकांजवळ, गाडीखाली कुठे एक थेंब नाही. एअरचे म्हणाल, तर दोनच आठवड्यांपूर्वी एका गॅरेजात पैसे मोजून ती काढून घेतली होती. सगळे ठीक दिसत होते, आणि तरीही पेडल खाली जात होते.

खरे सांगायचे तर आमचाही पाय घाट उतरायच्या बाजूनेच झुकत होता. दुसऱ्या दिवशी शाळा, मुले पेंगुळलेली, अम्मींचे गुडघे दुखत असलेले. नातेवाइकांसमोर भित्रे ठरण्याची लाज वेगळीच. अम्मींनीच विषय संपवला. त्या म्हणाल्या, "तुझा पाय काय सांगतो ते ऐक, मामूचा पाय तुझ्या गाडीत नसतो." मग अम्मी आणि धाकटी मामूंच्या गाडीत बसल्या, मुलांची आई आणि थोरला रत्नागिरीच्या एस.टी.त, आणि आम्ही गाडी पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, रस्त्याच्या कडेने जवळच्या गॅरेजपर्यंत नेली. तेवढेसुद्धा खरे तर टोइंगने न्यायला हवे होते.

त्या गॅरेजच्या मिस्त्रींकडून पुढच्या दोन दिवसांत जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आपल्या घरांत सेकंडहँड गाड्या खूप आहेत. वलीमा, ईद, माहेर, दवाखाना, सगळे त्याच गाडीवर. गाडीत बसलेली माणसे ही चालवणाऱ्याकडे सोपवलेली अमानत असते, आणि तिची राखण शेवटी त्या एका पेडलवर येते. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण घराघरांत पाठ आहे. आपल्या गाडीची दोरी नेमकी कुठे बांधलेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही नव्हते.

पेडल दाबल्यावर काय होते, ते समजायला मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहावा. मेडिकल दुकानातून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणि त्यांच्या तोंडावर घट्ट बसणारी वीतभर नळी आणायची. सगळ्यात पाणी भरायचे, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की दुसरीचा दट्ट्या लगेच बाहेर येतो. पाणी दाबले जात नाही, ते दाब जसाच्या तसा पुढे पाठवते. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पास्कलने मांडलेला नियम तो हाच, नववी-दहावीच्या मुलांना माहीत असलेला. (नळकांडे आणि दट्ट्या ही जोडी त्याहून जुनी. 1206 मध्ये पूर्ण झालेल्या अल-जझरींच्या यंत्रांवरील ग्रंथात दोन सिलिंडरांच्या पाण्याच्या पंपाचे वर्णन आहे. आपल्या मुलांना पास्कलबरोबर हेही नाव सांगायला हरकत नाही.)

आता मुद्दाम एक मोठा बुडबुडा आत राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्पंजवर दाबल्यासारखा वाटतो, कारण हवा आधी स्वतः दबते आणि मगच पाण्याला ढकलते. ही झाली एअर. तिसऱ्यांदा, जुन्या सिरिंजच्या दट्ट्याच्या रबराला ब्लेडने बारीक चीर पाडा आणि दुसऱ्या बाजूचा दट्ट्या बोटाने रोखून धरा. झटक्यात जोराने दाबले तर दट्ट्या बऱ्यापैकी अडतो. हळू, एकसारखा दाब ठेवला तर तो सावकाश पुढे सरकत राहतो, कारण पाणी रबराच्या कडेने गुपचूप मागे येते. आमच्या गाडीला झाले होते ते हे तिसरे. मामूंनी केला होता तो झटक्याचा प्रयोग.

गाडीत पहिल्या सिरिंजच्या जागी असतो मास्टर सिलिंडर. बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भिंतीशी तव्यासारखा काळा गोल डबा दिसतो, तो बूस्टर. त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर आणि त्यावर ऑइलची प्लॅस्टिकची टाकी. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन दट्ट्या असतात आणि त्यांवर रबराचे कप. दोन दट्ट्यांची दोन वेगळी लाइन, प्रत्येक लाइन दोन चाकांना. एक लाइन फुटली तरी दुसरीवर अर्धा ब्रेक राहावा, एवढ्यासाठी ही योजना. मात्र अशा वेळी पेडल खूप खाली जाते आणि गाडी थांबायला फार अंतर लागते. त्या भरवशावर प्रवास पुढे रेटायचा नसतो.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी फोन केला, "सर, तुम्ही येऊन बघा. मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल पार्ट खपवतोय." मंगळवारी किरकोळ रजा टाकून आम्ही एस.टी.ने मलकापूर गाठले. वर्गात आम्ही मुलांना स्टुलावर बसवतो. त्या दिवशी स्टूल आमच्या वाट्याला आले.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "पेडल नेमकं करतं काय?" आम्ही म्हटले, "नरम लागतं." त्यांनी मान हलवली. नरम हा एक शब्द लोक चार आजारांना वापरतात, असे त्यांचे म्हणणे. पेडल दाबताना स्पंजसारखे लागते आणि भराभर पंप केले की वर येऊन घट्ट होते, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. कधी जुना रबरी होज पाइप दाबाखाली फुगत असतो. पेडल स्पंजसारखे नाही, पण पहिल्या दाबाला खूप खाली जाऊन मग घट्ट होते आणि दुसऱ्या दाबाला वर येते, तर मागच्या ड्रममधले लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. अशा गाडीचा हँडब्रेकही बहुतेक वेळा जास्त वर ओढावा लागतो. पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबवायला पायाची सगळी ताकद लागते, तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी पाहायची. आणि पेडल चांगले वर आहे, घट्टही आहे, पण पाय ठेवून ठेवला की हळूहळू बुडते, तर दाब कुठून तरी निसटतो आहे. तो बाहेर निसटतो की आत, एवढेच शोधायचे राहते.

मग त्यांनी आम्हाला सीटवर बसवले. सपाट जागा, चाकांना दगडाची ओट, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. पाच-सहा वेळा पेडल दाबायला लावले. दर वेळी ते थोडे घट्ट होत गेले, कारण बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपत होता. मग मध्यम जोराने दाबून धरायला सांगितले आणि म्हणाले, "तीसपर्यंत मोजा." वीसच्या आसपास पेडल खाली निघाले. चांगल्या गाडीत ते जागेवर राहते.

इथे एक घोटाळा होतो, आणि आमच्या थोरल्याने घरी प्रयोग करताना तो केलाच. पेडल दाबून धरलेले असताना इंजिन चालू केले की पेडल बोटभर खाली जाते. हा दोष नव्हे, बूस्टर कामाला लागल्याची ती खूण आहे. तेवढे खाली जाऊन ते थांबते. थांबलेच नाही, तर मात्र चिंता. इंजिन चालू ठेवून हलक्या पायाने पुन्हा तीस मोजावे. हलक्या पायाने का, ते सिरिंजने दाखवलेच आहे. जोराचा दाब रबरी कपाची कड पसरवून सिलिंडरच्या भिंतीला चिकटवतो आणि चीर तात्पुरती झाकली जाते. सिग्नलवर, रांगेत आणि घाटात आपला पाय हलका आणि लांब असतो. म्हणूनच असा ब्रेक गावात आठवडाभर बिनतक्रार चालतो आणि नेमका उतारावर दगा देतो. उलट टोकाचीही चूक करू नये. इंजिन चालू असताना अंगातली सगळी ताकद लावून पेडल रेटले, तर निरोगी गाडीतही ते थोडे सरकते. आपल्या गाडीचे पेडल नेहमी कुठे थांबते हे माहीत असणे, हीच खरी मोजपट्टी.

बाहेर गळती आहे का हे पाहायला त्यांनी चारही चाके काढली. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला की त्या चाकाचा सिलिंडर गळतो. मागच्या ड्रममधली गळती ड्रममध्येच राहते, जमिनीवर थेंब पडेलच असे नाही, म्हणून ड्रम उघडून व्हील सिलिंडरचे रबरी टोपण बोटाने उचलून पाहिले. कोरडे. पाइपांचे सांधे कोरडे. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलेला असतो तो सांधाही कोरडा. तिथली गळती सर्वांत लबाड, कारण ऑइल बूस्टरच्या पोटात जाते. टाकी रिकामी होत राहते आणि जमिनीवर काहीच दिसत नाही. आमची टाकी मात्र भरलेलीच होती. आणि टाकी भरलेली असली की लाल दिवा गप्प राहतो. बहुतेक गाड्यांत तो दिवा टाकीची पातळी आणि हँडब्रेक एवढेच पाहतो, आतला कप फाटला आहे की नाही हे त्याला कळत नाही. आम्ही त्या दिव्यावर किती वर्षे विसंबून होतो!

शेवटी त्यांनी मास्टर सिलिंडरमधून निघणारे पाइप सोडवले आणि त्या तोंडांत पितळी प्लग घट्ट बसवले. आता ऑइलला बाहेर जायला वाटच नाही. अशा वेळी पेडल वरच्या वर भिंतीसारखे लागले पाहिजे. आम्ही पाय ठेवला, मोजले. पेडल बुडाले. "चाकांचा काही गुन्हा नाही. चोर घरातच आहे," मिस्त्री म्हणाले.

सिलिंडर खोलला तेव्हा सगळ्यात मोठी गोष्ट कळली. पुढच्या रबरी कपाची कड एका जागी कुरतडल्यासारखी झाली होती. आणि सिलिंडरच्या नळीत, तोंडाकडचा भाग आरशासारखा, पण शेवटचा बोटभर भाग काळपट, खरबरीत. मिस्त्रींनी विचारले, "हल्ली एअर कुणी काढली होती? पेडल पार खालपर्यंत दाबून?" आम्हाला ते दृश्य लख्ख आठवले. त्या गॅरेजातल्या पोऱ्याने आम्हालाच सीटवर बसवून "साहेब, पूर्ण दाबा, तळाला लावा" असे वीस-पंचवीस वेळा करायला लावले होते. एरवी गाडी चालवताना पेडल कधी तळाला लागत नाही. दट्ट्या नळीच्या पहिल्या भागातच पुढे-मागे फिरतो, तेवढा भाग गुळगुळीत राहतो. पुढचा भाग वर्षानुवर्षे वापरात नसतो. तिथे ओल्या ऑइलमुळे गंज आणि मळ बसतो. पेडल तळाला लावले की रबरी कप त्या खरबरीत जागेवरून घासत जातो. म्हणजे थोड्याशा नरम पेडलवर आम्ही केलेला इलाज हाच पुढच्या मोठ्या दुखण्याचे कारण ठरला. पोऱ्याला दोष देत नाही, पाय आमचाच होता. पण वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: जुन्या गाडीची एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगायचा, म्हणजे ते तळाला जाणारच नाही.

आता ऑइलबद्दल. त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो आणि हे नावच घात करते. ते इंजिन ऑइलसारखे तेल नाही. कुणी भलेपणाने टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल ओतले, तर आतले सगळे रबर फुगून निकामी होते, आणि मग मास्टरपासून चारही चाकांपर्यंत प्रत्येक रबर बदलावे लागते. टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 असे लिहिलेले असते, तेच घालायचे. डॉट 5 ही मोठ्या आकड्यामुळे भारी वाटणारी बाटली सिलिकॉनची असते, ती यांत मिसळत नाही.

डॉट 3 आणि 4 या जातीच्या द्रवाला हवेतली ओल शोषून घेण्याची खोड असते. कोकणात राहणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. नवे, कोरडे डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, असे प्रमाण आहे. त्यात साधारण 3.7 टक्के पाणी मुरले की हीच हमी 155 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबत उतरले की चाकांपाशी प्रचंड उष्णता होते. तिथे ओले ऑइल उकळले की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे, आणि वाफ हवेसारखीच दबते. सकाळी दारात घट्ट असलेले पेडल घाटाच्या मध्यावर अचानक पोकळ लागते. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला काही सापडत नाही. आमच्या टाकीतले ऑइल कडक काळ्या चहाच्या रंगाचे झाले होते. नवे ऑइल फिकट मधासारखे, आरपार दिसणारे असते. साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. आणि गॅरेजच्या फळीवरची उघडी, अर्धी बाटली घेऊ नये. सील आपल्यासमोर फोडायला लावावे. पातळी थोडी उतरली म्हणून लगेच भर घालायचीही घाई नको, कारण डिस्क पॅड झिजतात तशी ती आपोआप उतरते. झपाट्याने उतरली तर मात्र गळती शोधायची.

दुरुस्तीचा प्रश्न आला तेव्हा मामूंचा फोन होताच. "नुसता रबर किट टाक, आख्खा मास्टर कशाला?" किट स्वस्त असते हे खरे. पण नळीच्या आत ओरखडे असतील तर नवे रबर त्याच ओरखड्यांवर घासून पुन्हा फाटणार. मिस्त्रींनी नळीत बोट घालायला लावले. नख अडकले. विषय संपला. आम्ही नवा मास्टर सिलिंडर कोल्हापूरहून मागवला, चॅसी नंबर सांगून, पक्क्या बिलावर. दिसायला सारखे, अर्ध्या किमतीचे नकली पार्ट बाजारात असतात. सीटकव्हरमध्ये ते चालवून घ्यावेत, ब्रेकमध्ये नाही. खर्च दोन मुलांच्या ईदच्या कपड्यांइतका झाला. त्या वर्षी थोरल्याने ईदला जुनाच पठाणी घातला आणि ते चार जणांना सांगितलेही.

नवा मास्टर बसवण्याआधी मिस्त्रींनी तो पकडीत धरून, ऑइल भरून, हातानेच दट्ट्या हळूहळू दाबत आतली हवा काढली. हे टाळले तर गाडीवर चढवल्यावर ती हवा निघता निघत नाही. मग चाकांची पाळी. मास्टरपासून सगळ्यात लांबचे चाक आधी, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचे डावे. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहावा. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेले. आम्ही सीटवर, पेडलखाली ठोकळा. "दाबा." दाबले. "धरा." त्यांनी निप्पल सैल केले, पेडल ठोकळ्यापर्यंत गेले, नळीतून काळे ऑइल आणि बुडबुडे. निप्पल आवळल्याचा आवाज आला की मगच "सोडा." आधी सोडले तर हवा उलटी आत ओढली जाते. मधून मधून टाकी पाहायची, ती तळाला गेली की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नळीत फिकट, बिनबुडबुड्याचे ऑइल आले तेव्हा दुपारची अजान होत होती.

एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीच्या एबीएस युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर जोडावा लागतो. तिथे हाताचा जुगाड करू नये.

दोन गोष्टी घरच्यांसाठी. काढलेले ऑइल गॅरेजवाले हमखास पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरतात. ते विषारी आहे. अशी बाटली गाडीत किंवा घरात ठेवू नये, आणि ऑइल गटारात ओतू नये. गाडीच्या रंगावर सांडले तर रंग जातो, ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे.

आणि चालत्या गाडीत पेडल बुडालेच तर? पाय उचलून भराभर पंप करायचे, बऱ्याचदा थोडा दाब परत मिळतो. एकेक गियर खाली आणायचा. हँडब्रेकची केबल वेगळी असते, त्यामुळे तो शाबूत असतो. बटण दाबून ठेवून तो टप्प्याटप्प्याने ओढायचा, एकदम खेचला तर मागची चाके घसरतात. हॉर्न, चारही इंडिकेटर. इंजिन बंद करायचे नाही, कारण बूस्टर जातो, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. काहीच जमले नाही तर दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला, मातीच्या कडेला गाडी घासत न्यायची. हे सगळे वाचताना सोपे वाटते. गाडी चालवणाऱ्या भगिनींनी आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांनी रिकाम्या मैदानात हँडब्रेकने गाडी थांबवून पाहावी, म्हणजे हाताला ती जागा ठाऊक राहते.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एकटेच घाट उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, इंजिनच्या ताकदीवर गाडी रोखत. ब्रेक कमीच लागला. साखरप्याला चहा प्यायलो तेव्हा हात थोडे थरथरत होते, हे घरी सांगितले नव्हते, आता इथे लिहिले.

हल्ली निघण्याआधी गाडीत सफरची दुआ होते आणि मग धाकटी मोठ्याने तीसपर्यंत मोजते. सकाळच्या घाईत चिडचिड होते, पण ती तेविसावर थांबू देत नाही.

मागच्या महिन्यात मामूंचा फोन आला. म्हणाले, "अरे, तुझं ते मोजून पाहिलं. माझं पेडल बसत नाही खाली, पण पहिल्यांदा दाबलं की लांब जातं आणि दुसऱ्यांदा वर येतं. मास्टर बदलू का?" आम्ही विचारले, "हँडब्रेक किती दाती येतो?" म्हणाले, "पार वर, नऊ-दहा." "मग मामू, मास्टरला हात लावू नका. मागचे ड्रम उघडायला सांगा, लायनर आणि ॲडजस्टर बघा. आणि घाटावर येणार असाल तर त्याआधी."